लॅटिनचा ‘सुब्’ आणि आपला ‘उप’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘सुब्’ म्हणजे कोणता उपसर्ग? इंग्रजीतला ‘सब’ तोच का?

हो, तोच. लॅटिनमध्ये त्याचा उच्चार ‘सुब्’ होता. सबवे, सबमरीन, सबटायटल, सबस्क्राइब, सबमिशन या रोजच्या शब्दांच्या तोंडाशी तो उघड उभा असतो. सपोर्ट, सप्लाय, सक्सेस, सजेशन, सस्पेन्स यांच्यातही तो आहे, फक्त तिथे वेश पालटून. या पानावरचे बहुतेक प्रश्न त्या वेशांतराबद्दलच आहेत.

अर्थ ‘खाली’, एवढंच ना?

शाळेत तेवढंच सांगतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो. सपोर्टमध्ये खाली काय आहे? सक्सेस मिळवणारा माणूस तर वर जातो.

लॅटिनमधलं ‘सुब्’ हे नुसतं ‘खाली’ नाही, ते बऱ्याचदा ‘खालून वर’ असं असतं. सपोर्टच्या मुळाशी ‘पोर्तारे’ म्हणजे वाहून नेणं हे क्रियापद आहे. खालून खांदा देऊन वाहणं तो सपोर्ट. सक्सेसचं मूळ ‘सुक्केदेरे’ : खालून जवळ येणं, चढणं, मग एकाच्या मागून दुसऱ्याने त्याच्या जागी येणं. राजानंतर गादीवर बसतो तो सक्सेसर आणि मनासारखं घडतं ते सक्सेस, हे दोन्ही अर्थ तिथूनच फुटले. ‘सुस्तिनेरे’ म्हणजे खालून धरून ठेवणं. हल्ली प्रत्येक अहवालात भेटणारा ‘सस्टेनेबल’ त्याचाच नातू.

खालून येणारा माणूस दिसत नाही, म्हणून ‘चोरून’ हा अर्थ आला. पायथ्याशी असलेली वस्तू जवळ असते, म्हणून ‘जवळ’ हाही आला. रात्र पडायच्या सुमाराला लॅटिनमध्ये ‘सुब् नोक्तेम्’ म्हणत. आणि पूर्ण नाही पण त्याच्या आसपास, म्हणून ‘थोडंसं’. अर्थांची यादी पाठ करण्यापेक्षा तळाशी उभं राहून वर बघणारा माणूस डोळ्यांसमोर आणावा. निम्मे शब्द तिथेच सुटतात.

याचा मराठीशी खरंच काही संबंध आहे, की ओढूनताणून?

खरंच आहे. लॅटिनचा ‘सुब्’ आणि संस्कृतचा ‘उप’ एकाच मूळ भारोपीय शब्दातून, म्हणजे या भाषांच्या समाईक पूर्वज भाषेतल्या शब्दातून, आले. ग्रीकमध्ये तोच ‘हिपो’ झाला, म्हणूनच त्वचेखाली टोचायची सुई ‘हायपोडर्मिक’. लॅटिनच्या तोंडी आलेला ‘स’ नंतरचा आहे. तो काढला की ‘उब्’ उरतो आणि ‘उप’ ओळखू येतो.

गंमत पुढे आहे. लॅटिनमध्ये ‘सुपेर’ म्हणजे वर, आणि त्याचा भाऊ संस्कृतमधला ‘उपरि’. ‘उपरि’चं प्राकृतात ‘उवरि’ झालं आणि मराठीत उरलं ‘वर’. म्हणजे ‘टेबलावर’ म्हणताना आपण जो ‘वर’ लावतो तो सुपरमार्केटमधल्या ‘सुपर’चा सख्खा नातेवाईक. एकाच मुळापासून एकीकडे ‘खाली’ आणि दुसरीकडे ‘वर’ निघालं, हे ‘खालून वर’ हा मूळ भाव धरला तरच पटतं. लॅटिनमध्ये ‘सर्वांत वरचा’ या अर्थाचा ‘सुम्मुस’ शब्दही याच कुळातला. रोमन लोक रकान्याची बेरीज खाली न लिहिता वर लिहीत, त्या वरच्या ओळीला ‘सुम्मा’ म्हणत. इंग्रजीत बेरजेला ‘सम’ म्हणतात ते त्यामुळे.

‘उप’ आणि ‘सुब्’ लावून दोन्ही भाषांत सारखेच शब्द झाले आहेत का?

काही झाले आहेत, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग तो आहे. उपनिषद घ्या : उप, नि आणि ‘सद्’ म्हणजे बसणं. गुरूच्या जवळ, खाली बसणं. लॅटिनमध्ये ‘सुब्’ला ‘सेदेरे’ म्हणजे बसणं जोडून ‘सुब्सिदियुम’ झाला. ‘सद्’ आणि ‘सेद्’ एकच धातू. उपनिषदाचा हा लॅटिन चुलतभाऊ आज आपल्याला सबसिडी म्हणून भेटतो, गॅस सिलिंडरच्या संदर्भात.

तसंच ‘उपस्थित’. उप आणि ‘स्था’. लॅटिनमध्ये सुब् आणि ‘स्तारे’ म्हणजे उभं राहणं, त्यातून ‘सुब्स्तान्तिया’, म्हणजे खाली पायासारखं उभं असणारं तत्त्व, म्हणजेच सबस्टन्स. आणि ‘उपयोग’ : उप आणि ‘युज्’ म्हणजे जोडणं, जुंपणं. लॅटिनमध्ये त्याच धातूचं ‘युगुम’ म्हणजे जू, आणि त्यापासून ‘सुब्युगारे’, जुवाखाली आणणं. एकाच सामग्रीतून आपल्याकडे उपयोग आणि तिकडे गुलामी.

हे जोडशब्द मात्र दोन्ही भाषांनी आपापल्या घरी बनवले. विटा एकाच भट्टीतल्या, घरं वेगळी. वडिलोपार्जित शब्द आहे असं समजून ‘उपनिषद म्हणजेच सबसिडी’ असा फॉरवर्ड कोणी पाठवला, तर पुढे ढकलू नका.

मग ‘सुब्’चा ‘ब’ कुठे जातो? सप्लायमध्ये तर दिसत नाही.

हा प्रश्न मराठी माणसाने विचारू नये! सत् आणि जन मिळून सज्जन, उत् आणि लास मिळून उल्लास, जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ होतो हे आपण आठवीत घोकलं आहे. लॅटिनमध्येही हाच व्यंजनसंधी. ‘ब’ पुढच्या व्यंजनासारखा होतो.

‘क’ आला की सुक् : सुक्केदेरे, त्यातून सक्सेस. ‘फ’ आला की सुफ् : सुब् आणि ‘फाकेरे’ म्हणजे करणं मिळून सुफ्फिकेरे, त्यातून सफिशियंट. ‘ग’ आला की सुग् : सुग्गेरेरे, म्हणजे खालून आणून देणं, पुढे मनाला पुरवणं, सजेशन. ‘प’ आला की सुप् : सप्लाय, सपोर्ट, सप्रेस, सपोज. ‘र’पुढे कधी सुर् होतो, कधी ‘सुब्’ तसाच राहतो.

एक जोडरूप वेगळं आहे. ‘सुब्’चं ‘सुब्स्’ असंही रूप होतं. त्यातला ‘ब’ गळाला की उरतो ‘सुस्’ : सस्पेंड, सस्टेन, ससेप्टिबल.

आतला स्वरही बदलतो. ‘फाकेरे’चं ‘फिकेरे’ का?

अगदी जुन्या लॅटिनमध्ये शब्दाच्या पहिल्या अक्षरावर आघात असायचा. उपसर्ग पुढे येऊन बसला की आघात तो पळवायचा आणि मूळ धातूतला स्वर दुबळा पडायचा. ‘कापेरे’ म्हणजे घेणं, पण ‘सुस्किपेरे’. ‘तेनेरे’ म्हणजे धरणं, पण ‘सुस्तिनेरे’. ‘रापेरे’ म्हणजे हिसकावणं, पण ‘सुर्रिपेरे’ म्हणजे हळूच लांबवणं. कारण वेगळं असलं तरी फूल-फुलाला, मीठ-मिठाचं म्हणणाऱ्यांना शेपूट किंवा डोकं जोडल्यावर स्वर आखडतो याचं आश्चर्य वाटू नये.

सबसिडी म्हणजे सरकारी मदत. त्यात ‘खाली बसणं’ कुठून आलं?

रणांगणातून. जुन्या रोमन सैन्यात पायदळाच्या तीन रांगा असत. पुढच्या दोन लढायच्या आणि तिसरी, ‘त्रियारी’ नावाच्या मुरलेल्या सैनिकांची, मागे थांबायची. लिव्ही या इतिहासकाराने वर्णन केलंय की हे लोक डावा पाय पुढे टाकून, ढाली खांद्याला टेकवून, गुडघ्यावर बसून राहत. पुढच्या रांगा मोडल्या की ते उठायचे. ‘गोष्ट त्रियारींपर्यंत आली’ ही लॅटिनमधली म्हण होती; आपण ‘पाणी गळ्याशी आलं’ म्हणू तशी. असं मागे बसलेलं राखीव दल म्हणजे ‘सुब्सिदियुम’. त्यावरून कोणतीही वेळेला येणारी मदत, आणि पुढे युरोपात मदतीचा पैसा.

या शब्दाने महाराष्ट्राचा इतिहास मात्र फिरवला. एका राज्याने फौज पुरवायची आणि दुसऱ्याने तिचा खर्च सोसायचा, या व्यवहाराला इंग्रज ‘सब्सिडियरी अलायन्स’ म्हणत. आपण त्याला तैनाती फौज म्हणतो. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहावर दुसऱ्या बाजीरावाने सही केली आणि किमान सहा हजार पायदळाची तैनाती फौज कायमची पदरात घेतली. तिच्या खर्चापोटी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीला तोडून दिला. राखीव दल पेशव्याच्या मदतीला बसलं खरं, पण ते पुन्हा उठून गेलं नाही.

‘जुवाखाली आणणं’ हा नुसता अलंकार आहे का?

नाही, रोमन लोकांना ते प्रत्यक्ष भोगावं लागलं होतं. इ.स.पू. ३२१ मध्ये इटलीतल्याच कौडियमच्या खिंडीत शेजारच्या सॅम्नाइट लोकांनी रोमन फौज कोंडली. शरणागतीनंतर दोन भाले जमिनीत रोवून तिसरा आडवा बांधला आणि एकेका रोमन सैनिकाला, कोन्सुलांसकट (म्हणजे रोमच्या सर्वोच्च निर्वाचित अधिकाऱ्यांसकट), अंगावरच्या एका वस्त्रानिशी त्याखालून वाकून जायला लावलं. त्या चौकटीला ते ‘युगुम’ म्हणत, म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू. आपलं ‘जू’ही संस्कृत ‘युग’पासून आलं, तेव्हा शब्दसुद्धा तोच. ‘सुब्युगारे’ हे क्रियापद लॅटिनमध्ये बरंच उशिरा दिसतं. नामुष्की आधीची, क्रियापद नंतरचं.

‘सब्जेक्ट’ म्हणजे शाळेतला विषयही, प्रजाही आणि व्याकरणातला कर्ताही. एकाच शब्दाचे इतके अर्थ कसे?

मूळ ‘सुबिकेरे’, खाली टाकणं. जो राजाच्या सत्तेखाली टाकला गेला तो सब्जेक्ट, म्हणजे प्रजा. दुसरी वाट तत्त्वज्ञानातून आली. ग्रीकमध्ये ‘खाली असलेलं’ अशा अर्थाची संज्ञा होती : ज्याच्यावर बाकी सगळी विधानं रचायची तो पाया. लॅटिन पंडितांनी तिचं जसंच्या तसं भाषांतर ‘सुब्येक्तुम’ असं केलं. ज्याच्याविषयी बोलायचं ते, म्हणून विषय आणि उद्देश्य. मराठीने यासाठी वेगवेगळे शब्द ठेवले, हे बरंच झालं.

सस्पेक्ट आणि सस्पेंड एकाच घरातले का?

उपसर्ग एक, धातू दोन. सस्पेक्टमध्ये ‘स्पेकेरे’ म्हणजे बघणं. ‘सुस्पिकेरे’ म्हणजे खालून वर बघणं. आता खालून वर दोन प्रकारे बघता येतं : मान उंचावून, आदराने; किंवा मान खाली ठेवून, भुवयांखालून. लॅटिनमध्ये या क्रियापदाचे दोन्ही अर्थ होते, कौतुक करणं आणि संशय घेणं. पुढे संशयाने बाजी मारली.

सस्पेंडमध्ये ‘पेंदेरे’, टांगणं. आणि आपला सरकारी शब्द ‘निलंबन’ पाहा, त्यातही ‘लंब्’ म्हणजे लोंबणं. कर्मचारी नोकरीत असतो आणि नसतोही, मधल्यामध्ये लोंबकळत. सरकारी परिभाषेतला इतका चित्रदर्शी शब्द विरळा. सस्पेन्स सिनेमातही प्रेक्षकाला टांगून ठेवणं एवढंच असतं.

‘थोडंसं’ हा अर्थ कुठे दिसतो?

‘रीदेरे’ म्हणजे हसणं, ‘सुब्रीदेरे’ म्हणजे गालातल्या गालात हसणं. ‘आल्बुस’ पांढरा, ‘सुबाल्बुस’ पांढुरका. म्हणजे मराठीत आपण जे काम ‘-ट’, ‘-सर’, ‘-का’ अशी शेपूट लावून करतो (पिवळट, काळसर, पांढुरका) ते लॅटिन पुढे ‘सुब्’ लावून करते. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो याला ही युक्ती फार आवडायची. रोमन सेनापती सीझरच्या छावणीत गेलेल्या तरुण वकील मित्राला लिहिताना त्याने ‘सुबिन्विदेओ’ असा शब्द वापरला : मला तुझा जरासा हेवा वाटतोय. ‘सुबिरास्की’, किंचित रागावणं, हाही त्याच्या पत्रांत आहे. भांडण न करता रुसवा कळवायला फारच सोयीचा शब्द. आपल्याकडे ‘फुरंगटणं’ आहे म्हणा.

वनस्पतींची शास्त्रीय वर्णनं वाचणाऱ्यांनी हा अर्थ पक्का लक्षात ठेवावा. तिथे ‘सबसेसाइल’ पान म्हणजे ‘देठाखालचं’ नव्हे. देठ जवळजवळ नाहीच असं. डॉक्टरांचा ‘सबअॅक्यूट’सुद्धा असाच : तीव्रतेच्या जरा अलीकडचा. मात्र ‘सबक्यूटेनियस’ म्हणजे सरळ त्वचेखाली आणि ‘सबलिंग्वल’ गोळी सरळ जिभेखाली.

सरोगेट, सरप्लस, सर्व्हे, सरनेम : हे सगळे ‘सुब्’चेच का?

इथे पाय घसरतो. सरप्लस, सर्व्हे, सरनेम, सरफेस, सरप्राइज यांतला ‘सर’ फ्रेंचमार्गे आलेला ‘सुपेर’, म्हणजे वरचा. सरोगेट मात्र ‘सुब्’चा : ‘रोगारे’ म्हणजे विचारणं, लोकांपुढे मतासाठी ठेवणं, एकाच्या जागी दुसऱ्याला निवडणं म्हणजे ‘सुब्रोगारे’ किंवा ‘सुर्रोगारे’.

रोममध्ये दरवर्षी दोन कोन्सुल असत. एखादा मुदतीत वारला तर बदली नेमत, त्याला ‘कोन्सुल सुफ्फेक्तुस’ म्हणत. हाही सुब् आणि फाकेरेचाच. इ.स.पू. ४५ मध्ये वर्षाच्या अखेरच्या दिवशी एक कोन्सुल वारला. वर्ष संपायला काही तास उरले होते, तरी सीझरने कानिनियुस रेबिलुस याला त्या जागी निवडून आणलं. सिसेरोने मित्राला लिहिलं : या कोन्सुलच्या काळात कोणीही जेवलं नाही, एकही गुन्हा घडला नाही, आणि तो इतका जागरूक की पूर्ण कारकिर्दीत त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. आपल्याकडे थोड्या काळासाठी होणाऱ्या पोटनिवडणुकांवर बोलताना हा किस्सा हाताशी असावा.

पोटनिवडणुकीतलं ‘पोट’ म्हणजेच ‘सुब्’ का?

कुळाने नाही, कामाने मात्र जवळजवळ तेच, आणि या पानावर मला सर्वांत जास्त याबद्दल बोलायचं आहे. इंग्रजी ‘सब’साठी मराठीकडे तीन माणसं आहेत. संस्कृतमधून आलेला ‘उप’ : पोलीस उपनिरीक्षक, उपसमिती, उपशीर्षक. फारसीतून आलेला ‘दुय्यम’ : घराचा दस्त नोंदवायला आपण ज्याच्यासमोर बसतो तो सब-रजिस्ट्रार कागदोपत्री ‘दुय्यम निबंधक’. आणि अस्सल घरचं ‘पोट’ : पोटभाडेकरू, पोटकलम, पोटनियम, पोटजात, पोटकंत्राटदार, जमिनीचा पोटहिस्सा.

‘उप’ आणि ‘सुब्’ दर्जा सांगतात, एक वर एक खाली. ‘पोट’ सांगतं की हे त्याच्या आत आहे, त्याच्यातून निघालंय. पोटभाडेकरूचा हक्क भाडेकरूच्या हक्काच्या पोटातच असतो, पोटहिस्सा मूळ गटाच्या पोटात. कायद्याच्या दृष्टीने पाहिलं तर ‘पोट’ जास्त नेमकं आहे. तरी नवी परिभाषा बनवताना जो तो ‘उप’कडे धावतो, कारण ‘पोट’ म्हटलं की सभ्यपणा कमी होतो अशी काहीतरी समजूत. उपकंत्राटदार म्हटल्याने त्याचं बिल लवकर निघतं असं ऐकिवात नाही.

उपनगर म्हणजे ‘सबर्ब’चं भाषांतर ना? पण बोरिवली मुंबईच्या ‘खाली’ कुठे आहे?

‘उर्ब्स’ म्हणजे शहर, आणि रोमन माणसाला तो शब्द उच्चारला की रोमच दिसायचं. शहर टेकड्यांवर, तटाच्या आत. त्याच्या पायथ्याशी, तटाला लागून जे ते ‘सुबुर्बियुम’. म्हणजे खाली आणि जवळ, दोन्ही. ‘उप’मध्ये जवळचा अर्थ अधिक ठळक, म्हणून उपनगर हे भाषांतर मुळापेक्षाही चांगलं बसतं. मुंबई उपनगर असा वेगळा जिल्हा १९९० पासून आहेच. आणि ‘खाली’च हवं असेल, तर चर्चगेटहून बोरिवलीला जाणाऱ्या गाडीला रेल्वे काय म्हणते ते आठवा : डाउन.

कोर्टाच्या बातम्यांतले ‘सबज्युडिस’ आणि ‘सबपीना’?

ते एकसंध शब्द नव्हते. ‘सुब्’ तिथे स्वतंत्र शब्दयोगी अव्यय आहे. न्यायाधीशापुढे असलेलं ते सबज्युडिस, मराठीत न्यायप्रविष्ट. ‘सुब् पोएना’ म्हणजे शिक्षेच्या धाकाखाली. हजर राहण्याचा हुकूम याच दोन शब्दांनी सुरू व्हायचा.

वरून ओळखू न येणारे आणखी कोणते?

‘सडन’ : सुब् आणि ‘इरे’ म्हणजे जाणं, नकळत जवळ येऊन ठेपलेलं. ‘सोर्स’ : खालून उसळून वर येणारं पाणी. ‘कन्झ्युमर’च्या आत ‘सूमेरे’ म्हणजे उचलून घेणं, आणि त्याच्या आत चिणलेला ‘सुब्स्’. माझा लाडका मात्र ‘सुव्हेनियर’ : ‘सुब्वेनिरे’, खालून वर येणं, मनात तरंगून येणं. मराठीत आठवण दाटूनही येते आणि उफाळूनही येते, दोन्ही वेळा खालूनच.

‘सटल’ही यातलाच. लॅटिनमध्ये ‘सुब्तीलिस’, आणि त्याची उकल सहसा मागावरून करतात : ‘तेला’ म्हणजे विणलेलं कापड, त्याच्या खालून जाणारा तलम धागा. इचलकरंजी-सोलापूरकडच्या वाचकांना ताणा-बाणा समजावून सांगायची गरज नाही.

‘सुब्’ने सुरू होणारे, पण त्याचे नसणारे?

‘सुबुल्कुस’ म्हणजे डुकरं राखणारा. त्यात ‘सूस’ म्हणजे डुक्कर आहे. ‘सूबुला’ म्हणजे चांभाराची आरी, शिवण्याच्या धातूपासून. ‘सूबेर’ म्हणजे बुचाचं झाड. तिघांचाही आपल्या उपसर्गाशी संबंध नाही.

आमच्या गोव्यात आजी-आजोबांना लॅटिन मिस्सा पाठ असे. त्यात हा उपसर्ग येतो का?

येतो, आणि ऐन मोक्याच्या जागी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६०च्या दशकात, मिस्सा लोकभाषांत येऊ लागली. त्याआधी ती लॅटिनमध्येच होई. त्यात मुख्य प्रार्थनेच्या आरंभी पाद्री म्हणायचा, ‘सुर्सुम कोर्दा’, अंतःकरणं वर उचला. हा ‘सुर्सुम’ म्हणजे सुब् आणि ‘वोर्सुम’ म्हणजे वळलेलं : खालून वरच्या दिशेला वळलेलं. ‘सुब् म्हणजे फक्त खाली’ असं कोणी अजूनही म्हणत असेल, तर आजीला विचारायला सांगा.